लस आधी कोणाला?

(द्वितीय वर्ष, कला)

माण-खटाव भागातील माणसाला रांगेविषयी नव्याने काही सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर वाडीवर आला की कळश्या, घागरी आणि कॅन यांची रांग आपोआप लागते. जो आधी आला त्याने आधी भरायचे, हा तिथला नियम. वरवर पाहता या नियमात अन्याय काहीच नाही. परंतु ज्या घरात चार कर्ती माणसे आहेत त्या घराच्या चार घागरी पुढे असतात, आणि ज्या घरात एकटी म्हातारी आहे तिची घागर टँकर रिकामा होत आला तरी मागेच राहते. नियम सर्वांना सारखा असतो; पाणी मात्र सारखे मिळत नाही. पाण्याच्या बाबतीत निदान शेजारधर्म असतो. कोणीतरी आपल्या घागरीतले अर्धे पाणी म्हातारीला ओतून देते. पण एक डोस अर्धा अर्धा करून दोघांना देता येत नाही. तो एकाच्या दंडात गेला की दुसऱ्याला मिळत नाही.

२०२१ साली कोरोनाच्या लशीच्या रूपाने हाच प्रश्न सबंध देशापुढे उभा राहिला. लस तयार झाली होती, पण माणसे कोट्यवधी आणि डोस थोडे होते. अशा वेळी आधी कोणाला द्यायची? मी वैद्यकशास्त्राचा नव्हे, राज्यशास्त्राचा विद्यार्थी आहे. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करतो, कारण हा प्रश्न जितका वैद्यकाचा आहे तितकाच न्यायाचा आहे असे मला वाटते. लस अंगात गेल्यावर काय करते हे डॉक्टर सांगतील. ती आधी कोणाच्या अंगात जावी हे मात्र आपण सर्वांनी मिळून ठरवायचे असते.

रांग लावण्याची तत्त्वे

या प्रश्नाला जगात निरनिराळी उत्तरे दिली गेली आहेत. थोडक्यात पाहू.

पहिले उत्तर असे की, ज्याला मरणाचा धोका अधिक त्याला आधी. इंग्लंडने डिसेंबर २०२० मध्ये वृद्धाश्रमांतील माणसे व त्यांची काळजी घेणारे यांना सर्वांत वर ठेवले, त्यांच्या पाठोपाठ ऐंशी वर्षांवरील वृद्ध व आरोग्यसेवकांना घेतले आणि मग वयाची पायरी एकेक करून खाली आणली.

दुसरे उत्तर याच्या जवळजवळ उलट आहे. इंडोनेशियाने जानेवारी २०२१ मध्ये आरोग्यसेवकांनंतर १८ ते ५९ या कमावत्या वयाच्या लोकांकडे लक्ष दिले. त्यांनी वापरलेल्या चिनी लशीची वृद्धांवरील माहिती तेव्हा अपुरी होती हे एक कारण. आणि जे कामासाठी बाहेर पडतात तेच रोग घरी आणतात व तेच घर चालवतात, हा विचारही त्यामागे होता.

तिसरे उत्तर देवीच्या रोगाच्या निर्मूलनाने दिले. सर्वांना सरसकट टोचत बसण्यापेक्षा रुग्ण सापडेल तेथे धावून जायचे आणि त्याच्या भोवतीच्या माणसांना टोचून रोगाला घेर घालायचा, ही पद्धत १९७० नंतरच्या वर्षांत आपल्या देशात कसोशीने वापरली गेली. मे १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही. देवीचा रुग्ण पुरळावरून ओळखता येई, म्हणून हे शक्य झाले. कोरोनात मात्र लक्षण दिसण्यापूर्वीच माणूस रोग पसरवतो, त्यामुळे असा घेर घालणे अवघड होते.

चौथे उत्तर सेवेचे. जो दुसऱ्यासाठी धोका पत्करतो त्याचे रक्षण समाजाने आधी करावे. याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. सावित्रीबाई फुले यांचा जन्म १८३१ साली आपल्याच सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्यांनी व त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी पुण्याजवळ हडपसरच्या बाजूला रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून आणले, त्यांनाही प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत डॉ. हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली होती. म्हणजे दोहोंत बरोबर दोन महिन्यांचे अंतर. लस तयार होणे ही एक गोष्ट आणि सेवा करणाऱ्याच्या दंडापर्यंत ती पोहोचणे ही दुसरी, हे यावरून दिसते. आज ज्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये कोव्हिशील्ड तयार झाली ती हडपसरलगतच्या मांजरीत आहे.

सरकारने लावलेली रांग

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२० मध्ये डॉ. व्ही. के. पॉल यांच्या अध्यक्षतेखाली लसीकरणासाठी तज्ज्ञांचा एक राष्ट्रीय गट नेमला. त्यांनी आखलेल्या योजनेत सेवा आणि धोका ही दोन तत्त्वे एकत्र आणलेली दिसतात. सुमारे १ कोटी आरोग्यसेवक, २ कोटी आघाडीवरचे कर्मचारी म्हणजे पोलीस, लष्कर, गृहरक्षक दल, सफाई व महसूल कर्मचारी इत्यादी, आणि त्यानंतर पन्नास वर्षांवरील व जुने आजार असलेले सुमारे २७ कोटी लोक, असा तो अंदाज होता. १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्यसेवकांपासून लसीकरण सुरू झाले. १ मार्चपासून साठ वर्षांवरील सर्व आणि पंचेचाळीस वर्षांवरील आजारी लोक, १ एप्रिलपासून पंचेचाळीस वर्षांवरील सर्व, आणि १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्व, अशा क्रमाने दार उघडत गेले.

वयाला महत्त्व का दिले, याचे उत्तर आकड्यांत आहे. मार्च २०२१ मध्ये सरकारने सांगितले की, तोपर्यंतच्या कोरोना मृत्यूंपैकी सुमारे ८८ टक्के मृत्यू पंचेचाळीस वर्षांवरील लोकांचे होते. डोस थोडे असताना जास्तीत जास्त जीव वाचवायचे तर हा क्रम बरोबर होता, यात दुमत नसावे.

आजीचा प्रश्न

तरीही एक शंका उरते, आणि ती मला पुस्तकात नव्हे तर माझ्या घरात भेटली. एप्रिल २०२१ मध्ये माझ्या आजीला लस द्यायची होती. त्या महिन्याच्या सुरुवातीला साठा संपल्यामुळे सातारा जिल्ह्यातील लसीकरण काही काळ थांबवावे लागले होते, म्हणून दोनदा हेलपाटा झाला. तिसऱ्यांदा माझे चुलते तिला मोटारसायकलवरून घेऊन गेले. त्यांना आम्ही तात्या म्हणत असू. मुंबईकडे भाजीपाल्याच्या बाजारात ते हमाली करीत आणि टाळेबंदीत गावी आले होते. त्यांचे वय बेचाळीस. नंबर आल्यावर आजी सिस्टरना म्हणाली, "बाई, ही सुई माझ्या लेकाला टोचा की. मी आता किती दिसाची? त्याची पोरं ल्हान हायेत." सिस्टर म्हणाल्या, "आजी, तसं नाही करता येत. नाव तुमचं आहे." आजीने लस घेतली. तात्या जूनच्या पहिल्या आठवड्यात कोरोनाने गेले. लस मिळाली असती तर ते वाचलेच असते, असे कोणीही ठामपणे सांगू शकत नाही आणि मीही तसे म्हणत नाही. पण आजीचा प्रश्न आमच्या घरात अजून आहे.

आजीचे म्हणणे भावनेचे होते म्हणून सोडून देता येणार नाही. ज्याचे आयुष्य बरेचसे जगून झाले आहे त्याने ज्याचे अजून व्हायचे आहे त्याला वाट द्यावी, हा विचार तत्त्वज्ञांनीही गंभीरपणे मांडलेला आहे. शिवाय घर ज्याच्या मजुरीवर चालते तो गेला तर त्याच्या मागे सबंध घर बसते. हे मी जवळून पाहिले आहे.

असे असूनही त्या सिस्टरनी दिलेले उत्तरच बरोबर होते, या मतावर मी विचारांती आलो आहे. त्याचे कारण आकडे हे तर आहेच, पण त्याहून मोठे कारण आपल्या घरांच्या रीतीत आहे. आमच्या घरी बायका सर्वांच्या शेवटी जेवतात. भाकरी कमी पडली तर 'मला भूक न्हाई' असे आजी म्हणते, आणि तिला खरोखरच भूक नाही असे सर्वजण धरून चालतात. अशा घरात म्हातारीला आपला डोस दुसऱ्याला देण्याची मुभा ठेवली, तर गावोगावच्या म्हाताऱ्या तो देऊन टाकतील. कोणी प्रेमाने देईल, कोणी कोणाच्या नजरेला भिऊन देईल, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसेल. त्यागाची सवय ज्यांना लहानपणापासून लावली गेली त्यांचा होकार हा मोकळा होकार नसतो. म्हणून नियम असा हवा की, आपला हक्क सोडण्याचा विषयच त्यांच्यापुढे येऊ नये.

राजकीय सिद्धांत शिकताना आम्हाला जॉन रॉल्स या अमेरिकन विचारवंताची ओळख झाली. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तो म्हणतो की, समाजाचे नियम ठरवताना आपण समाजात कोण आहोत हे आपल्याला ठाऊकच नाही असे समजून ते ठरवावेत. मी हा प्रयोग करून पाहिला. आपण आजी असू की तात्या हे ठाऊक नसेल, तर कोणती रांग मान्य होईल? ज्या जागी मरणाची शक्यता सर्वांत अधिक ती जागा आपल्या वाट्याला येऊ शकते, हे ध्यानात घेता मी आजीला पुढे ठेवणारी रांगच निवडीन. ही निवड करताना जड वाटते, परंतु जड वाटते म्हणून ती चुकीची ठरत नाही.

रांग कोठे बिघडली?

मग माझी तक्रार कशाविषयी आहे? ती वयाच्या क्रमाविषयी नाही. तो क्रम प्रत्यक्षात कसा मोडला गेला, याविषयी आहे.

१ मे २०२१ रोजी अठरा ते चव्वेचाळीस या वयाच्या सुमारे ५९ कोटी लोकांसाठी एकाच दिवशी दार उघडले. लस मात्र तेवढी नव्हती. महाराष्ट्रात तर दुसऱ्या डोससाठी खोळंबलेल्या पंचेचाळीस वर्षांवरील लोकांना लस पुरावी म्हणून मेच्या दुसऱ्या आठवड्यात तरुणांचे सरकारी लसीकरण थांबवावे लागले. तो निर्णय योग्यच होता. पण ज्या थोड्या दिवसांत ते चालू होते, त्या दिवसांत वय, आजार, काम यांपैकी कशालाच महत्त्व राहिले नाही. महत्त्व आले ते मोबाइलला. कोविन या संकेतस्थळावर आधी वेळ ठरवल्याशिवाय या वयोगटाला लस मिळत नव्हती, आणि मे महिन्यात ते इंग्रजीतच होते. मी तेव्हा शाळेत होतो. ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला आमच्या घरचा मोबाइल घेऊन मी वाडीतल्या लोकांची नावे भरीत असे. एका क्रमांकावर चारच नावे बसत. सांकेतिक क्रमांक येईपर्यंत सर्व जागा भरून जात. तात्यांचे नावही मी भरले होते. त्यांना वेळ मिळाली नाही.

याच दिवसांत शहरांतील लोक गाड्या घेऊन खेड्यांतील केंद्रांवर लस घ्यायला येत असल्याच्या बातम्या राज्यभरातून येत होत्या. त्या लोकांना मी दोष देत नाही. जीव सर्वांनाच प्यारा असतो. पण ज्या गावात केंद्र आहे त्या गावचा मजूर दाराशी उभा आणि लस घेऊन गाडी परत शहराकडे, हे चित्र टँकरच्या रांगेहून वेगळे नाही.

दुसरा मार्ग पैशाचा होता. चौथा हिस्सा लस खासगी रुग्णालयांसाठी ठेवलेली होती. जून २०२१ मध्ये तेथील कमाल दर ठरवण्यात आला, तेव्हा कोव्हिशील्डच्या एका डोसचे ७८० रुपये व कोव्हॅक्सिनचे १४१० रुपये झाले. आमच्याकडे शेतात खुरपायला जाणाऱ्या बाईला तेव्हा दिवसाला दोन-अडीचशे रुपये मिळत. म्हणजे एका डोससाठी तिने तीन ते सात दिवस राबायचे. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने तरुणांसाठीच्या या सशुल्क धोरणावर मनमानी व तर्कविसंगत असा प्राथमिक ठपका ठेवला आणि ज्यांच्याकडे मोबाइल, इंटरनेट नाही त्यांचे काय, असाही प्रश्न विचारला. त्यानंतर धोरण बदलले आणि २१ जूनपासून केंद्राने राज्यांना अठरा वर्षांवरील सर्वांसाठी मोफत लस देण्यास सुरुवात केली.

तिसरी उणीव 'सेवा' या शब्दाच्या अर्थात होती. आघाडीवरचे कर्मचारी ठरवताना मुख्यतः सरकारी खात्यांची नावे घेतली गेली. पण टाळेबंदीत मुंबईकरांच्या ताटात भाजी पडली ती कोणाच्या पाठीवरून? बाजारातला हमाल, मालमोटारीचा चालक, शेतावरचा मजूर यांना घरी बसून काम करता येत नव्हते. त्यांचे नाव कोणत्याही खात्याच्या पटावर नव्हते, म्हणून ते यादीतही आले नाहीत. धोका पटावर नसतो, कामात असतो.

चौथी उणीव अंथरुणाला खिळलेल्यांची. ज्यांना धोका सर्वांत अधिक तेच केंद्रापर्यंत येऊ शकत नव्हते. घरी जाऊन लस द्यावी या मागणीची याचिका २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे अनेक महिने चालली आणि ऑगस्टच्या सुमारास मुंबईत अशा रुग्णांना घरी लस देण्यास सुरुवात झाली. देशभर घरोघरी जाण्याची मोहीम निघाली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये, म्हणजे लस मुबलक झाल्यावर. टंचाईत दुबळ्याने चालत यायचे आणि सुबत्तेत सरकारने त्याच्या दारी जायचे, हा क्रम उलटा व्हायला हवा होता.

हीच गोष्ट देशादेशांतही घडली. सर्व देशांना निदान २० टक्के लोकसंख्येपुरती लस मिळावी म्हणून कोव्हॅक्स ही योजना निघाली. तिचा मोठा आधार सिरम इन्स्टिट्यूटची लस होती. आपल्याकडे दुसरी लाट येताच मार्च २०२१ च्या अखेरीस निर्यात थांबली आणि गरीब देशांतील आरोग्यसेवक ताटकळले. त्याच मे महिन्यात श्रीमंत देश आपल्या मुलांना लस देऊ लागले, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांना ती लस आधी गरीब देशांना देण्याचे आवाहन करावे लागले.

यादी कोणी करावी?

आपल्या औंधला या बाबतीत एक वारसा आहे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली आपल्या ७२ गावांच्या संस्थानात प्रजेला स्वराज्य देणारी राज्यघटना लागू केली. तिचा पाया गावपंचायत हा होता. गावाचे प्रश्न गावातील माणसे आपापसात बसून सोडवू शकतात, हा विश्वास त्यामागे होता.

त्या विश्वासाने पाहिले तर पुढच्या साथीसाठी काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. कोणत्या गटाला आधी हे तज्ज्ञांनी ठरवावे. पण त्या गटातील माणसांची नावे गावाने लिहावीत आणि ती यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी. कोणाचे नाव वर का, हे सर्वांनी ऐकले की मागच्या दाराने आत शिरणे अवघड होते. प्रत्येक वेळी आलेल्या साठ्यातील ठराविक हिस्सा मोबाइल नसलेल्यांसाठी राखून ठेवावा. काम धोक्याचे आहे की नाही हे पगार कोण देतो यावरून ठरवू नये. अंथरुणावरच्या माणसाकडे पहिल्या आठवड्यातच जावे. आणखी एक बाब लहान दिसते, पण महत्त्वाची आहे. कोव्हिशील्डच्या एका कुपीत दहा डोस असत आणि कुपी उघडल्यावर चार तासांत संपवावी लागे. सायंकाळी दोन-तीन डोस उरले की ते कोणाला द्यायचे, हे त्या क्षणी ठरवायचे म्हटले तर ओळखीचाच माणूस आठवतो. त्यासाठी राखीव नावांची यादी सकाळीच केंद्राच्या दारावर लावलेली असावी.

यांपैकी कोणत्याही गोष्टीला फार पैसा लागत नाही. त्यासाठी माणसांची माहिती मात्र लागते. कोणत्या वाडीत कोण एकटे राहते, कोण चालू शकत नाही, कोणाकडे मोबाइल नाही, कोण सहा महिने गावाबाहेर असते, ही माहिती साथ आल्यावर गोळा करू म्हटले तर उशीर होतो. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी कोठल्या ना कोठल्या गावी भरते. रस्ता झाडणे, झाडे लावणे ही कामे आपण करतोच. त्याबरोबर त्या गावच्या अशा माणसांची एक वही ग्रामपंचायतीला आणि आशाताईंना करून द्यावी, अशी माझी प्राध्यापकांना व विद्यार्थी मित्रांना विनंती आहे. पहिल्या वर्षी एका गावापासून सुरुवात झाली तरी पुरे. माझ्या वाडीचे काम मी स्वतः करण्यास तयार आहे.